चोरटा श्वास

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला शेकडाबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. छापून आणि घडी घालून आलेला कागद, ज्याला फर्मा म्हणतात, तो शंभर-शंभराचे गठ्ठे करून शिलाईला पाठवायचा, एवढंच तिचं काम. तेहतीस वर्षं तिनं ते केलं आणि त्यात एकही शेकडा नव्याण्णवाचा गेला नाही. निदान ती तसं सांगे, आणि तिला खोटं पाडायला जुनं कोणी उरलं नव्हतं.

मोजायची तिथली एक रीत होती. गठ्ठ्याची कड पंख्यासारखी पसरायची आणि अंगठ्याच्या एका झटक्यात पाच फर्मे उचलायचे. पाचांचा एक हात, वीस हातांचा शेकडा. शेकडा भरला की लाल कागदाची चिठ्ठी खोचायची. एका खोलीत सहा बायका मोजत असत, त्यामुळे तोंडानं आकडा सतत चालू ठेवावा लागे. श्वास घ्यायला कोणी थांबली की शेजारणीचा आकडा कानात शिरलाच. मग आपले तेरा कुठले आणि तिचे सतरा कुठले, देव जाणे. म्हणून थांबायचं नाही. अंगठा पुढच्या हाताकडे सरकेल तेवढ्यात नाकानं घोटभर हवा आत ओढायची, पाठीला पाठ लावून बसलेल्या बाईलाही कळू नये अशी. याला कारखान्यात चोरटा श्वास म्हणत. नवी मुलगी आली की शेकडाबाई तिला फर्म्यांना हात लावू द्यायच्या आधी हे शिकवायची. कोणाला आठवडा लागे, कोणाला महिना. एका मुलीला दोनच दिवस लागले. शेकडाबाईनं तिला सून करून घेतलं.

"लोक सून बघून आणतात, मी मोजून आणली," असं ती चारचौघांत सांगायची. मुलगा त्याच कारखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. त्यानं आणि त्या मुलीनं हे आधीच परस्पर ठरवून टाकलं होतं, हे शेकडाबाईला लग्नानंतर कळलं. तोवर श्रेय घेऊन झालं होतं, ते तिनं परत केलं नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि सुनेची डावी पापणी खाली यायला लागली. सकाळी ठीक असायची. दुपार कलली की पापणीही कलायची. सुपरवायझरला वाटलं, ही आपल्याला डोळा मारतेय. बिचारा आठवडाभर केस विंचरून कामावर येत होता. मग सुनेला एकाचे दोन दिसायला लागले. घास चावताना जबडा दमायचा, बोलता बोलता आवाज नाकात जायचा. चष्मा बदलला, डॉक्टर बदलले, आणि शेवटी मज्जातंतूंच्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं: मायस्थेनिया. शरीराचे राखणदार शरीरावरच उलटतात, असं त्या म्हणाल्या. मेंदू धड, स्नायूही धड. मधल्या मध्ये निरोप अडवला जातो. पण हे कळेपर्यंत उशीर झाला होता. एका साध्या तापात सुनेची छाती दमली, आणि नऊ दिवस घशात नळी घालून तिला मशीनवर ठेवावं लागलं.

त्या नळीबद्दल ती कधी बोलली नाही. फक्त त्यानंतर तिनं गळ्याशी बंद होणारे कपडे घालायचं सोडलं.

औषधांनी आजार ताळ्यावर आला, आणि दोन वर्षांनी सून डॉक्टरीणबाईंना विचारून आली की मूल होऊ द्यायचं का. शेकडाबाई म्हणाली, "मला नातवंड नको, तू हवीस." हे खरं होतं. नातवंड हवं होतं, हेही खरं होतं. माणसाच्या मनात दोन खऱ्या गोष्टी शेजारी-शेजारी बसू शकतात, फक्त एकमेकींशी बोलत नाहीत.

डॉक्टरीणबाई घाईच्या नव्हत्या. बाळाला बाधेल अशी एक गोळी त्यांनी आधी बंद केली, वर्षभर वाट पाहिली, मग होकार दिला. दिवस राहिल्यावर त्यांनी एका जाड कार्डावर या बाईला कुठली औषधं चुकूनही द्यायची नाहीत याची यादी लिहून दिली आणि ते कार्ड कायम पर्समध्ये ठेवायला सांगितलं. गोळ्या दर चार तासांनी घड्याळ लावून. सर्दी-खोकला झालेल्या माणसाला जवळ येऊ द्यायचं नाही. दर पंधरा दिवसांनी तपासणीला यायचं, तिथं मशीनमध्ये फुंकायचं. आणि घरी रोज सकाळ-संध्याकाळ एक परीक्षा: खोल श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात, सेकंदाला दोन अशा बेतानं, मोठ्यानं आकडे म्हणायचे.

"वीसच्या खाली आलं तर फोन करत बसू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थेट इथं या. वेळेत आलात तर सलाइनमधून औषध देऊन भागतं. उशीर झाला तर नळी."

"आकड्यांची काळजी करू नका," शेकडाबाई म्हणाली. "आकडे आमच्या घरात चुकत नाहीत."

तिनं एक वही केली. तारीख, सकाळ, संध्याकाळ. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी सुनेचा पलंग, त्याच्या उशाशी गजराचं घड्याळ. गजर झाला की हातातलं काम टाकून गोळी.

"घरात दोन सासवा झाल्यात," सून म्हणायची. "एक तुम्ही, एक घड्याळ. घड्याळाचा जाच जास्त आहे."

"घड्याळ निदान स्वयंपाक करायला सांगत नाही," मुलगा म्हणाला.

"मीही सांगत नाही," शेकडाबाई म्हणाली. "तुला सांगते."

आणि खरंच तोच करायचा, मऊ, कमी चावायला लागेल असं काहीतरी. चव बेताची असायची, पण चावायला लागत नसे हा गुण होता.

महिने सरले. वहीत चौतीस, तेहतीस, पस्तीस. सातव्या महिन्यात बत्तीस, एकतीस. पोट वर सरकलं की छातीला जागा कमी पडते, एवढं उतरणारच, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुढच्या तपासणीला तीन दिवस होते. सून हल्ली बोलताना हनुवटीखाली हात धरायची. शेकडाबाईनं ते पाहिलं, आणि वहीत एकतीस पाहिले. कागदावरचा आकडा आणि समोरचं माणूस यांत तिनं आयुष्यभर आकड्यावर विश्वास ठेवला होता.

त्यात शेकडाबाईला सर्दी झाली. साधी, नाक गच्च बंद करणारी. तिनं तोंडाला मास्क लावला आणि पलंगापासून लांब, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. जेवण, पाणी, गोळ्या सगळं मुलाच्या हातून. तो कामावर गेला की दोघी खोलीच्या दोन टोकांना बसून एकमेकींकडे बघत, वाट चुकलेल्या पाहुण्यांसारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचं मोजून झालं. एकतीस. शेकडाबाईनं लिहिलं. मग वेळ जात नव्हता म्हणून म्हणा, किंवा जुनी खुमखुमी म्हणून म्हणा, ती बोलली, "थांब, आज म्हातारीचंही होऊन जाऊ दे. मी साठाच्या आत थांबले तर नाव सांगणार नाही."

तिनं मास्क हनुवटीवर ओढला, तोंड भिंतीकडे केलं, श्वास भरला आणि सुरुवात केली. मांडीवर अंगठा आपोआप चालायला लागला. पाच, दहा, पंधरा. चोविसावर ती अडकली. छाती रिकामी झाली होती. तोंड उघडून तिनं धापा टाकल्या आणि मग हसायला लागली.

"चोवीस," ती म्हणाली. "नाक बंद असल्यावर कसलं मोजणं होतंय."

हे वाक्य तिनं स्वतःच बोललं आणि स्वतःच ऐकलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण मागून रिकामं झालं.

एका श्वासात मोजायचं तर नाकाचा संबंध काय. हवा एकदाच भरायची, ती संपेपर्यंत बोलायचं. नाक बंद असो की उघडं, आकडा तोच यायला हवा. म्हणजे तिचे साठ हे साठ कधी नव्हतेच. ते बारा चोरट्या श्वासांचे साठ होते. आणि मग तिनं पलंगाकडे पाहिलं. धडधाकट बाई चोवीस, आणि साडेसात महिन्यांची, हनुवटीला टेकू दिलेली पोरगी एकतीस. सुनेचा उजवा हात चादरीवर होता, अंगठा चादरीच्या दुमडलेल्या कडेवर.

"परत मोज," शेकडाबाई म्हणाली. आवाज तिनं साधा ठेवला. "या वेळी नाक चिमटीत धरून."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. काही न कळलेलं माणूस 'का' असं विचारतं. सुनेनं 'का' विचारलं नाही.

शेकडाबाईला राग आला. उठून जावं, पोरीचं नाक धरावं, आणि जमलं तर एक ठेवूनही द्यावी. पण सर्दी होती. खोलीच्या मधोमध जाऊन ती थांबली, आणि तशीच पाऊल-पाऊल मागं येऊन खुर्चीत बसली. या घरात आज तिचा हात पोचणार नव्हता. जे करायचं ते पलंगावरच्या माणसानंच करायला हवं होतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्यांदा नव्हतं माहीत." सुनेचा आवाज नाकातून येत होता, शेकडाबाईला तो चार दिवस नुसत्या थकव्याचा वाटला होता. "सवयच ती. मोजायला लागलं की होतंच. गुरुवारी उशीत तोंड खुपसून मोजून पाहिलं, तेव्हा कळलं."

"आज सोमवार आहे."

"हो."

"चार दिवस मला एकतीस लिहायला लावलंस."

सुनेनं हनुवटीखालचा हात काढून गळ्यावर ठेवला, खालच्या बाजूला, जिथं दोन हाडांमध्ये खड्डा असतो तिथं. "आई, मला ती नळी नको," ती म्हणाली. "तपासणीला आठवडाही उरला नव्हता. वाटलं, निघतील."

शेकडाबाईकडे बोलायला पुष्कळ होतं. बाळाचं काय, नवऱ्याचं काय, माझं काय. त्यातलं तिनं काही काढलं नाही. राग होता, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त जड होतं: श्वास चोरायला या पोरीला शिकवलं कोणी? तेहतीस वर्षं जो कान दुसऱ्याचा चुकलेला आकडा ओळखत होता, त्याला समोरचा घोटभर श्वास ऐकू आला नाही, कारण तो त्याला श्वास वाटतच नव्हता. तो कामाचा भाग होता.

"कारखान्यात शेकडा कमी भरला तर काय करायचो गं आपण?" तिनं विचारलं.

"परत मोजायचो."

"आणि कोणाचा कमी भरला, हे?"

"विचारायचं नाही."

"मग मी विचारत नाही. मी चुकीचं लिहिलं, तू चुकीचं सांगितलंस, झालं. परत मोज."

खिडकीतून रस्त्यावरच्या कुठल्यातरी दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. सुनेनं श्वास भरला. डाव्या हातानं नाक धरलं, आणि उजवा हात शेकडाबाईच्या लक्षात यायच्या आधी तिनं स्वतःच चादरीवरून उचलून मांडीखाली दाबून ठेवला.

एक. दोन. तीन. सातापर्यंत आवाज होता. नऊला नुसते ओठ. अकरानंतर तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही आलं नाही.

शेकडाबाईनं वही उघडली. सकाळचा एकतीस खोडला, शेजारी अकरा लिहिलं, आणि मग मुलाला फोन लावला.

दवाखान्यात तिला वरच्या मजल्यावर जाऊ दिलं नाही. सर्दीवाल्यांनी खाली बसायचं. ती वही मांडीवर घेऊन लोखंडी बाकावर बसली, आणि डॉक्टरीणबाई खाली आल्या तेव्हा उभी राहून, शाळेत चूक कबूल करतात तसं, तिनं सगळं सांगितलं: हात, शेकडा, अंगठा, नाक. बोलणी खायची तिची पूर्ण तयारी होती. डॉक्टरीणबाईंनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"तीस वर्षं मी लोकांना मोजायला लावतेय," त्या म्हणाल्या. "नाक धरा असं सांगायचं कधी सुचलं नाही. आता सांगेन." मग म्हणाल्या, "अजून दोन दिवस गेले असते तर नळी टळली नसती. आता बहुतेक टळेल."

त्या 'बहुतेक'वर शेकडाबाई पाच दिवस जगली. पाच दिवस सुनेला सलाइनमधून औषध गेलं. मुलगा दिवसातून दोनदा खाली येऊन आकडा सांगायचा. तेरा. तेरा. सोळा. चौथ्या दिवशी एकवीस. "नाक धरून?" ती दर वेळी विचारायची, आणि तो दर वेळी सांगायचा, "नर्स धरते, आई. तिचा विश्वास नाही आपल्या घरावर." नळी लागली नाही.

सदतिसाव्या आठवड्यात बाळ आलं. मुलगी. कळा आणायचे स्नायू वेगळे आणि जोर लावायचे वेगळे, आणि जोर लावायचे तेच नेमके दमणारे, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. म्हणून शेवटी त्यांनी यंत्रानं ओढून मदत केली. पलंगाच्या वर ते जाड कार्ड चिकटवलेलं होतं. येणाऱ्या प्रत्येक नर्सला सून बोटानं ते दाखवायची; आपल्याला काय द्यायचं नाही हे तिला डॉक्टरांइतकंच पाठ झालं होतं.

पहिल्या दिवशी बाळ बरं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं रडणं बारीक झालं, मांजराचं पिल्लू दाराआड अडकल्यासारखं. तोंडात दूध घेतलं तर तीन-चार चोखण्यांनंतर जबडा सैल पडायचा आणि दूध ओठांच्या कडेनं बाहेर यायचं. पापण्या अर्ध्यावर. सुनेनं त्या पापण्या ओळखल्या.

"माझंच रक्त तिला नडतंय," ती म्हणाली, आणि आजारात, नळीत, अकरा आकड्यांतही जी रडली नव्हती ती रडली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे होऊ शकतं, दहातल्या एखाद-दोन बाळांना होतं. आईच्या रक्तातले राखणदार बाळात उतरलेत. पण ते पाहुणे आहेत. बाळाचं शरीर नवे तयार करत नाही, आणि आलेले काही आठवड्यांत संपतात. तोवर नाकातून बारीक नळीनं दूध, आणि प्रत्येक पाजण्याच्या अर्धा तास आधी औषधाचे थेंब.

नळी हा शब्द ऐकून सुनेनं डोळे मिटले. मग उघडले आणि नर्सला म्हणाली, "मला दाखवा कशी घालतात. मी धरते तिला." तिनंच धरलं. शेकडाबाई त्या वेळी खोलीत होती. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. ती धीट म्हणून प्रसिद्ध होती, पण ते फर्म्यांच्या बाबतीत.

थेंब दिल्यानंतर दर वेळी आधी अंगावर पाजून पाहायचं, दमली की उरलेलं नळीनं, असं ठरलं. किती चोखण्यांनंतर दमते ते लिहून ठेवायला नर्सनं सांगितलं, आणि सुनेनं वही सासूच्या हातात दिली.

"मी नको," शेकडाबाई म्हणाली. "माझी वही पाहिलीस ना."

"तुम्हीच," सून म्हणाली. "कमी भरलं तर परत मोजू."

चार. चार. पाच. आठवड्यानं सहा. कधी पुन्हा तीन. शेकडाबाई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसे, दोन्ही हात मांडीखाली घालून, म्हणजे अंगठा चालणार नाही. पाच-पाच मोजायची इच्छा तिला दर वेळी होई आणि दर वेळी ती एकेक मोजी. दुसरा आठवडा सरला. नऊ. बारा. पापण्या उघडायला लागल्या, आणि मुलगी बापावर गेली आहे हे दिसायला लागलं. त्याबद्दल दोघींनीही काही बोलायचं टाळलं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी सुनेनं पाजायला घेतलं. खोलीत तिघीच होत्या. शेकडाबाई मनात मोजत होती. दहा गेले. चौदा गेले. जबडा चालूच. सतरा, अठरा. बाळ थांबलं, तशी दोघीही थांबल्या. त्याच्या नाकपुड्या इवल्याशा फुलल्या, घोटभर हवा आत गेली, आणि जबडा पुन्हा चालू झाला. वीस. बावीस. सव्वीस. तिसाव्या चोखण्यानंतर तोंड आपणहून सुटलं. दूध ओठांच्या कडेला नव्हतं, पोटात होतं.

शेकडाबाईनं तोंड उघडून मोठा श्वास घेतला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की एकापासून तिसापर्यंत तिनं तो घेतलाच नव्हता. चोरूनसुद्धा नाही.

"किती?" सुनेनं विचारलं.

"तीस," ती म्हणाली. "एकेक मोजलेत."

तिनं वहीत तीस लिहिलं. मग कापडी पिशवीतून, कारखाना सोडताना आणलेल्या आणि इतकी वर्षं कशालाच न लागलेल्या कागदांतून, एक लाल चिठ्ठी काढली आणि बाळाच्या दुपट्याच्या घडीत खोचली.

"शेकडा कुठं भरलाय अजून," सून म्हणाली.

"भरेल," शेकडाबाई म्हणाली, आणि सर्दी नसतानाही नाक पुसायला उठली.